मुंबईतील घररचना आणि वृद्धांचे वास्तव्य

(१)

माणसाने वृद्धापकाळी संस्थेत अथवा रुग्णालयात न जाता अखेरपर्यंत आपल्या राहत्या घरातच राहावे, आणि तसे राहणे त्याला सुकर व्हावे अशा रीतीने घराची आखणी असावी, हा विचार अलीकडच्या वास्तुशास्त्रात आणि समाजशास्त्रात चांगलाच रुजला आहे. ह्या विचाराची चर्चा बहुधा पुढे बांधावयाच्या घरांसंबंधी होते. न्हाणीघरात आधाराचा दांडा कोठे बसवावा, दरवाजा किती रुंद असावा, पायरी किती उंच असावी, असे तिचे स्वरूप असते. परंतु ज्या घरांत आज वृद्ध राहत आहेत त्यांपैकी बहुतेक घरे फार पूर्वी बांधली गेली, आणि ती बांधताना त्यांत कोण राहणार याविषयीची एक निश्चित कल्पना बांधणाऱ्यांच्या मनात होती. ही कल्पना कोणत्या परिस्थितीत निर्माण झाली आणि परिस्थिती पालटल्यावरही मोजमापांच्या रूपाने ती कशी टिकून राहिली, हा इतिहासाच्या अभ्यासाचा विषय आहे.

ह्या दृष्टीने मुंबई शहराचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे शहर मुख्यतः कमावत्या वयाच्या पुरुषांचे होते. काम संपले, शरीर थकले की माणूस गावी परत जाईल, हे गिरणीमालक, सरकार आणि बऱ्याच अंशी स्वतः कामगार असे सर्वच जण गृहीत धरून चालत. परिणामी शहरातील घराला वार्धक्याचा विचार करावा लागला नाही. पुढे माणसे शहरातच वृद्ध होऊ लागली. घराची आखणी मात्र पूर्वीच्याच गृहीतकावर चालू राहिली. आज वृद्धांना घरात ज्या अडचणी सोसाव्या लागतात त्यांपैकी अनेकांचे मूळ ह्या विसंगतीत आहे, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

(२)

शहरातील घराचा विचार करण्यापूर्वी, ज्या घरी कामगाराने परतावे अशी अपेक्षा होती त्या घराचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. मुंबईच्या गिरण्यांतील मराठी कामगारांचा मोठा भाग रत्नागिरी जिल्ह्यातून, तसेच सातारा, पुणे, कोल्हापूर ह्या घाटावरच्या प्रदेशांतून आलेला होता. कोकणातील घराचे जोते पावसाळ्याच्या भयाने उंच घेतलेले असे. पुढे पडवी व ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर, त्याच्या लगत न्हाणी, आणि त्यापलीकडे परसू व विहीर, अशी त्याची सामान्य रचना होती. घाटावरील वाड्यात ओटा, चौक, सोपा, माजघर आणि परस हा क्रम आढळतो. वाड्याचा जिना बहुधा अरुंद, उभा आणि अंधारा असे. चढताना आधारासाठी दोर टांगलेला असे. त्यामुळे वय झालेली माणसे साहजिकच तळमजल्यावर राहत. पुरुषांची जागा ओटीवर वा सोप्यावर, तर स्त्रियांची माजघरात.

ह्या रचनेचे दोन गुण नोंदविण्याजोगे आहेत. पहिला असा की, वृद्धाचा दिवसभराचा वावर एकाच पातळीवर होत असे. दुसरा गुण म्हणजे त्याची बसण्याची जागा येण्याजाण्याच्या वाटेवर होती. आल्यागेल्याशी बोलणे, मुलांवर नजर ठेवणे, दारावरच्या माणसाला उत्तर देणे ही कामे आपोआप त्याच्याकडे येत. घरात त्याला स्वतंत्र खोली नव्हती, पण निश्चित स्थान होते.

तथापि ह्या घराचे गुणगान करताना त्याचे दोष झाकून ठेवणे योग्य नव्हे. जोत्याच्या पायऱ्या उंच होत्या, आणि दाराला उंबरठा होता. सारवलेली जमीन ओली झाली की निसरडी होई. शौचासाठी परसात किंवा रानात जावे लागे, आणि पावसाळ्याच्या रात्री ते धडधाकट माणसालाही कठीण होते. पाणी विहिरीवरून आणावे लागे. एवढ्या अडचणी असूनही वृद्ध अशा घरात राहू शकत होता, याचे कारण घरातील स्त्रियांचे श्रम होय. पाणी काढणे व तापविणे, हात धरून परसात नेणे, अंथरूण धुणे, भरविणे ही सर्व कामे पत्नी, सून वा विधवा मुलगी करीत असे. घराच्या रचनेतील उणीव माणसाच्या, विशेषतः स्त्रीच्या, कष्टाने भरून काढली जात होती. आणि ह्या कष्टाची कोठेही मोजदाद नव्हती. ज्यांना असे माणूस नव्हते त्यांची गणना निराधारांत होई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले पंगुगृह अशाच लोकांसाठी होते. घर किंवा दानधर्माची संस्था, असे दोनच मार्ग त्या काळी होते, आणि घराच्या मार्गावर कोणी ना कोणी स्त्री उभी असावी लागे.

(३)

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. दाट वस्ती आणि हवाउजेडाचा अभाव ही रोगाची कारणे मानली जाऊन १८९८ साली शहर सुधारणा विश्वस्त मंडळाची, म्हणजेच सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची, स्थापना झाली. ह्या घटनेपासून मुंबईत घराच्या मोजमापांना सार्वजनिक महत्त्व आले. खिडकीचे क्षेत्र, दोन इमारतींतील अंतर, छताची उंची ह्या गोष्टी नियमांच्या कक्षेत येऊ लागल्या. हे नियम रोगप्रतिबंधाच्या हेतूने केलेले असल्याने हवा आणि उजेड हीच त्यांची मुख्य परिमाणे होती. माणूस घरात कसा चालतो, बसतो, उठतो याचा विचार त्यांत अभिप्रेत नव्हता.

१९११ च्या जनगणनेनुसार शहराच्या लोकसंख्येतील पाचांपैकी चार माणसे मुंबईबाहेर जन्मलेली होती, आणि दोनतृतीयांशाहून अधिक लोक एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होते. १९२१ साली दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सव्वापाचशेच्या आसपास होती. ह्या आकड्यांवरून शहराचे चित्र स्पष्ट होते. एका गावचे पुरुष मिळून एक खोली घेत, पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत आणि गावी मनीऑर्डर पाठवीत. बायकामुले व म्हातारी माणसे गावी असत. आजारी पडलेला वा थकलेला कामगारही त्याच वाटेने परत जाई.

प्रथम महायुद्धानंतर घरटंचाई तीव्र झाली तेव्हा गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन करण्यात आले. त्याने कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याची योजना आखली. प्रत्यक्षात वरळी येथे १२१, नायगाव येथे ४२, डिलाईल रोडवर ३२ आणि शिवडी येथे १२, अशा एकूण २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला व वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर २० खोल्या, म्हणजे एका चाळीत ८० खोल्या, अशी त्यांची रचना होती. खोलीचे क्षेत्र सुमारे १६० चौरस फूट होते. खोलीत मोरी होती. संडास प्रत्येक मजल्यावर सामाईक होते. लिफ्ट नव्हती. त्या काळच्या कामगार वस्तीच्या मानाने सिमेंट काँक्रीटची ही बांधणी भक्कम असली, तरी तिचा हिशेब एकाच प्रश्नावर आधारलेला होता: एका कामगार कुटुंबाला निजण्यास व स्वयंपाकास किमान किती जागा पुरेल? पुढे तीन दशकांनी ह्याच खोलीत तो कामगार साठीचा होईल, ही शक्यता त्या हिशेबात धरलेली दिसत नाही.

हे केवळ दुर्लक्षामुळे घडले असे म्हणता येणार नाही. हिंदुस्थानातील कामगारांविषयी नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यात कामगाराचा गावाशी असलेला संबंध ही इष्ट गोष्ट मानून, तो तोडण्याऐवजी नियमित करावा असे मत मांडले आहे. कमाई खंडित वा नष्ट होण्याच्या प्रसंगी गाव हा कामगाराचा एक प्रकारचा विमा आहे, असा त्यामागचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद तत्कालीन परिस्थितीत सर्वस्वी निराधार नव्हता. परंतु त्याचा अर्थ असाही होतो की, कामगाराच्या वार्धक्याचा खर्च उद्योगावर वा नगरपालिकेवर न पडता कोकणातील वा घाटावरील घरावर, पर्यायाने तेथील स्त्रियांवर पडावा. मुंबईची एक खोलीची चाळ आणि गावचे घर ही ह्या व्यवस्थेची दोन अंगे होती. त्यांतील एकाचाच विचार केला असता दोहोंचेही आकलन अपुरे राहते.

(४)

मध्यमवर्गाची घरे निराळ्या वाटेने घडली. १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. दादर, माटुंगा ह्या भागांत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेल्या भूखंडांवर विशेषतः १९२० नंतर तीनचार मजली इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील बिऱ्हाड स्वयंपूर्ण होते. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचकूप ही सर्व एकाच दाराच्या आत आली. मैला वाहून नेणारी गटारे व फ्लशची टाकी ह्यांमुळे हे शक्य झाले. वृद्धाच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा होती, कारण रात्री दाराबाहेर पडण्याची आवश्यकता उरली नाही.

तरीही सोवळ्याओवळ्याच्या रूढ कल्पना नकाशात उतरल्याच. शौचकूप स्वयंपाकघर व देवघर यांपासून शक्य तितके दूर, घराच्या मागच्या टोकाला, सफाईकामगाराच्या येण्याजाण्याच्या वाटेजवळ ठेवण्याकडे कल होता. झोपण्याच्या जागेपासून शौचकूपापर्यंतचे अंतर त्यामुळे वाढले, आणि त्या वाटेत एखादी पायरी वा उंबरा राहून गेला. न्हाणीघराची फरशी पाणी बाहेर येऊ नये म्हणून खोलगट घेण्याची पद्धत होती. बैठक उकिडवे बसण्याची होती. तरुणपणी ह्यांतील एकही गोष्ट अडचण वाटत नाही. सांधे आखडल्यावर मात्र घरातील हीच चार पावले सर्वांत धोक्याची ठरतात.

ह्या घराचा दुसरा गंभीर दोष जिना हा होय. स्वातंत्र्योत्तर काळात सहकारी संस्थांच्या व गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींत तळमजला व वर तीनचार मजले अशा इमारती मोठ्या संख्येने बांधल्या गेल्या. एवढ्या उंचीच्या इमारतींना सामान्यतः लिफ्ट ठेवीत नसत, आणि खर्च वाचविण्यासाठीच अनेकदा ही उंची पसंत केली जाई. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आणि १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा अधिनियम यांनी फ्लॅटच्या मालकीला स्थैर्य दिले. तिशीतील जोडप्याने कर्ज काढून घेतलेल्या तिसऱ्या वा चौथ्या मजल्यावरच्या घरात त्यांनी चाळीस वर्षे काढावी, हे आता शक्यच काय, अपेक्षितही झाले. दोन मजल्यांतील अंतर सुमारे तीन मीटर आणि पायरीची उंची १९ सें.मी. धरली, तर एका मजल्याला सोळा पायऱ्या होतात. चौथ्या मजल्यावरील माणसाला घरी जाण्यासाठी चौसष्ट पायऱ्या चढाव्या लागतात. अशा घरातील वृद्ध घरात राहतो हे खरे. पण पुष्कळदा तो घराबाहेर पडू शकत नाही म्हणून घरात राहतो.

(५)

कामगार वस्तीत माणसे शहरातच वृद्ध होऊ लागण्याची कारणे आर्थिक व कायदेविषयक होती. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडे गोठविले आणि भाडेकरूला हुसकावून लावणे दुष्कर केले. भाडेकरू वारल्यास त्याच्यासमवेत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जाण्याची तरतूद असल्यामुळे खोली सोडून गावी जाणे तोट्याचे ठरू लागले. खोली ही आता कुटुंबाची मिळकत बनली, आणि पागडीच्या व्यवहाराने तिला बाजारभावही आला. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्यात आरंभीच ज्या उद्योगांचा समावेश झाला त्यांत कापडधंदा होता. निवृत्तीच्या वेळी थोडीफार पुंजी हाती येऊ लागली. बायकामुले मुंबईत आली, मुलांच्या शाळा व नोकऱ्या येथेच झाल्या. गावच्या घराचे वाटे पडले, आणि कित्येक ठिकाणी ते घर वर्षातून एकदा, गणपतीस किंवा शिमग्यास, उघडण्यापुरते उरले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात सामील होते. संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि चाळिशी-पन्नाशीतील हजारो पुरुष एकाएकी बेकार झाले. त्यांतील काही गावी परतले, पुष्कळसे खोलीतच राहिले. ज्या शहराने वार्धक्य गावाकडे सोपविले होते त्याच शहराच्या मध्यभागी, कामासाठी बांधलेल्या खोल्यांत, काम नसलेली वयस्क पिढी वसली.

चाळ ही वृद्धांस कितपत अनुकूल होती, याचे उत्तर एका शब्दात देणे कठीण आहे. सामाईक संडास, जिना, माणसांची दाटी आणि एकान्ताचा अभाव हे दोष उघड आहेत. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या राहत असल्यास रात्री वृद्धाची खाट बहुधा गॅलरीत पडे. दुसऱ्या बाजूने पाहता, तीच गॅलरी ओटीचे काम करीत होती. दारे दिवसभर उघडी असत. कोणी सकाळी दिसले नाही तर शेजारी चौकशी करीत, औषध आणून देत, डॉक्टरला बोलावीत. येथे गावचे घर आणि चाळ यांच्यात एक साम्य आढळते. दोन्ही ठिकाणी रचनेतील गैरसोय माणसांच्या सान्निध्याने सुसह्य झाली होती. भेद एवढाच की, गावी हा भार घरातील स्त्रियांवर होता, तर चाळीत तो काही प्रमाणात मजल्यावरच्या शेजाऱ्यांत विभागला गेला.

सरकारने ह्या इमारतींकडे लक्ष दिले ते त्या पडू लागल्यावर. १९६९ च्या कायद्याने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले आणि जुन्या इमारतींतील रहिवाशांकडून उपकर घेऊन दुरुस्ती करण्यात येऊ लागली. ही दुरुस्ती तुळया, खांब, गॅलरी यांना टेकू देण्याची होती. इमारत उभी राहावी हा तिचा हेतू असल्याने आतील रहिवासी कसा उभा राहतो, हा प्रश्न तिच्या कक्षेत आला नाही.

(६)

आधुनिक घराच्या आखणीवर सर्वांत दूरगामी परिणाम बांधकामविषयक प्रमाणकांचा झाला. राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० साली प्रसिद्ध झाली. पुढे १९८३, २००५ व २०१६ साली तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. निवासी इमारतींसाठी तिने दिलेली काही किमान मापे अशी आहेत: न्हाणीघराचे क्षेत्र १.८ चौरस मीटर व रुंदी १.२ मीटर, स्वतंत्र शौचकूपाचे क्षेत्र १.१ चौरस मीटर व रुंदी ०.९ मीटर, दोन्ही एकत्र असल्यास क्षेत्र २.८ चौरस मीटर व रुंदी १.२ मीटर. घरातील जिन्याच्या पायरीची उंची १९ सें.मी.पर्यंत असू शकते.

आता ह्या मापांची वृद्धाच्या गरजांशी तुलना करून पाहावी. चाकांच्या खुर्चीला पूर्ण वळण घेण्यास सुमारे १५० सें.मी. व्यासाची मोकळी जागा लागते. न्हाणीघराची किमान रुंदी १२० सें.मी. आहे. खुर्ची सहज आत जावी म्हणून दरवाजाची मोकळी रुंदी ९० सें.मी. असावी असे मानले जाते. न्हाणीघराला सर्वसाधारणपणे ७५ सें.मी.चा दरवाजा बसवितात, आणि चौकट व फळी वजा जाता त्यातून साठपासष्ट सें.मी. वाट उरते. सुगम जिन्याच्या पायरीची उंची १५ सें.मी. व रुंदी ३० सें.मी. असावी, असे सुगमतेची प्रमाणके सांगतात. थोडक्यात, नियमांचे काटेकोर पालन करून बांधलेल्या घरातही पाय गमावलेला वा पक्षाघात झालेला माणूस दुसऱ्याच्या मदतीवाचून स्नानगृहात जाऊ शकत नाही. खुर्ची नसली तरी, आधार देणाऱ्या व्यक्तीसह दोन माणसांना ह्या जागेत वळता येत नाही.

हा दोष संहिता रचणाऱ्यांच्या अनास्थेतून आला असे मानण्याचे कारण नाही. गरिबांना परवडेल अशी लहानात लहान जागा कोणती, हे ठरविणे त्यांना भाग होते. परंतु व्यवहारात किमान माप हेच नेहमीचे माप बनते. जमिनीची किंमत जितकी अधिक, तितका बांधणारा किमान मर्यादेच्या जवळ येतो, आणि मुंबईत ही किंमत फारच अधिक आहे. त्यामुळे कमावत्या, निरोगी शरीराचे जे माप १९२० च्या खोलीत गृहीत होते, तेच पुढील काळातील न्हाणीघरातही कायम राहिले.

(७)

परदेशात हा प्रश्न थोडा आधी हाती घेतला गेला. इंग्लंडमध्ये सेल्विन गोल्डस्मिथ ह्या वास्तुविशारदाने १९६३ साली अपंगांसाठी आखणी ह्या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध करून शरीराच्या निरनिराळ्या अवस्थांची मापे वास्तुविशारदांपुढे ठेवली. १९९० नंतरच्या दशकात तेथे आयुष्यभराचे घर ही कल्पना पुढे आली. घर आरंभीच वृद्धाश्रमासारखे बांधावे असे तिचे म्हणणे नव्हते. पुढे लागणारे बदल अल्प खर्चात करता यावेत अशी सोय प्रथमच ठेवावी, एवढीच तिची मागणी होती. भिंत आधाराच्या दांड्याचे वजन पेलेल अशी असावी, प्रवेश पायरीविना असावा, प्रवेशाच्या मजल्यावर शौचकूप असावे. १९९९ साली इंग्लंडच्या बांधकाम नियमांनी यांतील काही गोष्टी नव्या खाजगी घरांनाही लागू केल्या. राहत्या घराचे माप सर्व वयांच्या शरीरांना धरून ठरविणे हा कायद्याचा विषय होऊ शकतो, हे त्यामुळे सिद्ध झाले.

भारतात अपंगांविषयीचा पहिला व्यापक कायदा १९९५ साली आणि त्याची जागा घेणारा दुसरा २०१६ साली झाला. केंद्र सरकारने २०१६ साली अडथळाविरहित वास्तूंची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली; त्यांत अपंगांबरोबर वृद्धांचाही स्पष्ट उल्लेख आहे. २०२१ साली त्यांची सुधारित आवृत्ती निघाली. तथापि ह्या सर्व प्रयत्नांचा रोख मुख्यतः सार्वजनिक इमारती, रस्ते व वाहने यांवर राहिला. खाजगी सदनिकेचे दार ओलांडून त्यांचा प्रभाव आत पोहोचला असे म्हणता येत नाही. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणविषयक कायद्याने मुलांवर निर्वाहाची जबाबदारी टाकली, देखभालीच्या अटीवर दिलेली मिळकत अट मोडल्यास परत मिळविण्याचा मार्ग खुला केला, आणि प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची कल्पना मांडली. राहत्या घराच्या मापांविषयी मात्र त्यात तरतूद नाही. घरातील माणसांची सेवा अथवा संस्था, हे एकोणिसाव्या शतकातील दोनच पर्याय येथे पुन्हा आढळतात. २०१९ साली केंद्र सरकारने निवृत्तांच्या खास वसाहतींसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत आधाराचे दांडे, न घसरणारी फरशी, रुंद दारे यांचा विचार आहे. पण अशा वसाहतींत घर घेणे सामान्य मुंबईकराच्या आवाक्याबाहेरचे आहे.

ह्या प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. १९४१ ते १९५१ ह्या दशकात भारतीयाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते सत्तरीच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वा त्याहून अधिक वयाची सुमारे १०.४ कोटी माणसे होती, आणि महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण शेकडा दहाच्या जवळ होते. लहान झालेल्या कुटुंबांत, नोकरी करणाऱ्या सुनांच्या व परगावी गेलेल्या मुलांच्या काळात, पूर्वीचे न मोजलेले श्रम उपलब्ध होतील अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. आणि ती धरणे न्याय्य होते असेही नाही.

(८)

ह्या इतिहासाचे एक वर्तुळ वरळीत पूर्ण होताना दिसते. बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासाच्या योजनेत १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांची सदनिका देण्याचे ठरले, आणि वरळी येथील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांच्या हाती आल्या. घराच्या आत स्वतःचे शौचकूप आणि इमारतीला लिफ्ट, ह्या दोन गोष्टी चाळीतील वृद्धाने आयुष्यभर इच्छिलेल्या होत्या. त्यांचे मोल कमी लेखता येणार नाही. त्याचबरोबर चाळीस मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट बंद पडणे म्हणजे वृद्धाला घरात कोंडणे होय. लिफ्टच्या देखभालीचा खर्च दरमहा द्यावा लागतो, आणि तो निवृत्त माणसाच्या तुटपुंज्या उत्पन्नातून निघावा लागतो. गॅलरीच्या जागी बंद दारांची मार्गिका आली की शेजाऱ्याची सहज पडणारी नजरही नाहीशी होते. चाळीने जे दिले ते नकाशावर दाखविलेले नव्हते, म्हणून नव्या नकाशात त्याची भरपाई करण्याचे कोणाला सुचणे अवघड आहे.

वरील विवेचनावरून वृद्धांसाठी घर आखणाऱ्यांच्या दृष्टीने काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, वार्धक्याची सोय ही मागाहून जोडावयाची सामग्री नाही. दाराची रुंदी, फरशीची पातळी, शौचकूपाचे स्थान आणि भिंतीची ताकद ह्या चार गोष्टी बांधतानाच ठरतात. मागाहून त्या बदलणे बहुमजली इमारतीत जवळजवळ अशक्य असते. त्यासाठी लागणारी जादा जागा काही चौरस फुटांची आहे, पण नियमांतील किमान माप वाढल्याशिवाय ती कोणी सोडणार नाही. दुसरा निष्कर्ष जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींसंबंधी आहे. त्यांची संख्या मोठी आहे आणि त्या सर्व लवकर पाडल्या जाणार नाहीत. जिन्याला दोन्ही बाजूंस कठडा, प्रत्येक वळणावर बसण्याचे बाकडे व पुरेसा उजेड, आणि संस्थांच्या संमतीने तळमजल्यावरील घरांची अदलाबदल, असे अल्पखर्ची उपाय तेथे होऊ शकतात. तिसरा निष्कर्ष गॅलरीच्या अनुभवातून निघतो. वृद्धाला बसण्यासाठी येण्याजाण्याच्या वाटेवर जागा असावी, आणि ती इमारतीच्या नकाशात सामाईक क्षेत्र म्हणून दाखविलेली असावी.

कोकणातील ओटी, चाळीतील गॅलरी आणि दादरच्या इमारतीचा जिना ह्या तिन्हींनी वृद्धाला कोणाच्या ना कोणाच्या हाताचा आधार लागेल हे गृहीत धरले होते. तो हात प्रायः घरातल्या स्त्रीचा होता. घराच्या रचनेने त्या हाताचे थोडे काम स्वतःकडे घेतले, तर वृद्धाचे स्वातंत्र्य वाढेल आणि सेवा करणाऱ्याचा भारही हलका होईल. मुंबईच्या मागील शंभर वर्षांच्या गृहनिर्माणात ह्या कामाचा हिशेब मांडला गेला नाही. यापुढे बांधल्या जाणाऱ्या घरांत आज तिशीत असलेली माणसेच वृद्ध होणार आहेत, हे ध्यानी घेऊन तो मांडला जाणे अगत्याचे आहे.